जाळबंदीचा ठराव आणि पाल्याचं बजेट

नगरपरिषदेच्या विषयपत्रिकेवर ‘उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करणारे उपविधी’ हा विषय दोन ओळींचा असतो आणि एरवी दोन मिनिटांत निकाली निघतो. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, पुढचा विषय. दुसऱ्या दिवशी पहाटे धूर होता तिथंच. आमच्याकडे हा विषय रखडला, तहकूब झाला, भांडणातून पुढं गेला. कारण एकच. मनाईच्या विषयाला पाला आणि कचरा उचलण्याच्या खर्चाचा विषय जोडून आणला होता. टिपणीत स्पष्ट लिहिलं होतं की दोन्ही भाग एकत्र मंजूर करायचे, नाहीतर दोन्ही परत पाठवायचे. हा आग्रह कार्यालयाचा होता आणि सुरुवातीला तो कुणालाच आवडला नाही.

नगरपरिषद ब वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या वर आणि १ लाखाच्या आत. भाग पश्चिम महाराष्ट्रातला, काळ २०२०-२१ चा. निम्म्या सभा दूरदृश्य प्रणालीवर झाल्या, त्यामुळे ‘आवाज येत नाही’ हे वाक्य इतिवृत्तात बऱ्याचदा सापडेल. आरोग्य आणि लेखा या दोन टेबलांवरून आम्ही ही फाइल हाताळली. ज्यांना आपल्या गावात असा विषय न्यायचा आहे त्यांच्यासाठी हा तपशील आहे. तेव्हा २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम लागू होते, हे वाचताना लक्षात ठेवावं.

टिपणी लिहिण्याआधी शहरात जळतं काय, हे वेगवेगळं काढायला लागतं. ‘लोक कचरा जाळतात’ एवढ्यावर उपविधी लिहिला की तो कुणालाच लागू होत नाही. पहाटे साडेपाच ते साडेसात या वेळात प्रभागवार फिरलं की चार-पाच वेगळे प्रकार दिसतात. पहिला पाल्याचा. डिसेंबरात देशी बदाम गळायला लागतो, मग गुलमोहर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब, पिंपळ, पर्जन्यवृक्ष एकदम. हा पाला जाळणारे बहुतेक आपलेच सफाई कामगार असतात. दुसरा प्रकार घराच्या मागच्या अंगणात, आंघोळीच्या पाण्याच्या बंबाखाली. तिसरा बाजारपेठेत रात्री दुकान बंद करताना, खोकी आणि पॅकिंगचा. चौथा भंगारवाल्यांचा, तारेतलं तांबं काढायला वायरचं प्लास्टिक जाळण्याचा. हा सगळ्यात विषारी आणि सगळ्यात कमी दिसणारा, कारण तो नदीकाठी होतो. आणि हद्दवाढीत आलेल्या शेतात तोडणीनंतरचं उसाचं पाचट. प्रत्येकाचा जाळण्यामागचा हिशोब वेगळा, म्हणून उपायही वेगळा.

सफाई कामगार पाला का जाळतात, याचं उत्तर त्यांच्या हातगाडीत आहे. एका कामगाराची बीट, म्हणजे रोज झाडायचा रस्त्याचा पट्टा, ठरलेली असते. पानगळीत बीट निम्मी झाडून होईपर्यंत गाडी पाल्यानं भरते. गाडी रिकामी करायची जागा लांब, घंटागाडी तिच्या वेळेनं निघून गेलेली, आणि दुसऱ्या हजेरीच्या आत बीट पूर्ण झाली पाहिजे. काडी लावणं हा त्यातला सगळ्यात जलद मार्ग. २०१६ च्या नियम १५ मध्ये स्थानिक संस्थेवर स्पष्ट जबाबदारी आहे की रस्ते झाडताना गोळा झालेला पाला जाळू नये, तो वेगळा साठवून कचरा गोळा करणाऱ्यांकडे किंवा नेमलेल्या संस्थेकडे द्यावा, अशा सूचना सफाई कामगारांना द्याव्यात. सूचना दरवर्षी निघते. नोटीस फलकावर लागते. गाडी तेवढीच राहते.

आता कायद्याची बाजू. इथं मसुदा लिहिणाऱ्यानं दोन तास जास्त घालवावेत. नियम ४ मधलं वाक्य असं की कचरा निर्माण करणाऱ्यानं तो रस्त्यावर, आपल्या आवाराबाहेरच्या सार्वजनिक मोकळ्या जागेत, गटारात किंवा पाण्यात टाकू, जाळू वा पुरू नये. म्हणजे नुसतं हेच वाक्य उचलून उपविधीत टाकलं तर ‘मी माझ्या अंगणात जाळतोय’ म्हणणाऱ्याला तुम्ही काय सांगणार? घरगुती जाळणं बहुतांशी अंगणातच होतं. ही फट राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशानं बुजते. अल्मित्रा पटेल यांच्या प्रकरणातल्या त्या आदेशात जमिनीवर, कचरा डेपोसकट, उघड्यावर कचरा जाळायला संपूर्ण मनाई आहे. साध्या घटनेला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवलेली आहे. म्हणून आमच्या मसुद्यात ‘खाजगी आवार, गच्ची, मोकळा भूखंड व शेत यांसह नगरपरिषद हद्दीतील कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द घातले आणि खाली आदेशाचा संदर्भ दिला. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या छाननीत या एका वाक्यावर काहीच शंका आली नाही. बाकी बऱ्याच ठिकाणी आल्या.

पाचटाचंही तसंच. शेतातलं म्हणजे कचरा कसा, असा प्रश्न हद्दवाढीतल्या सदस्यांनी विचारला. २०१६ च्या नियमांतल्या घनकचऱ्याच्या व्याख्येत शेती व दुग्धव्यवसायातला कचरा नाव घेऊन आहे. व्याख्येची प्रत सभेत समोर ठेवली की वाद संपतो. प्रत नसली तर अर्धा तास जातो.

बंबाचा मुद्दा मात्र व्याख्येनं सुटला नाही आणि त्यावरच सगळ्यात जास्त चर्चा झाली. स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समितीत पहिल्याच बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “म्हणजे उद्यापासून म्हाताऱ्या माणसानं गार पाण्यानं आंघोळ करायची का, साहेब?” प्रश्न टोमण्याचा असला तरी रास्त होता. गॅसचा भाव बघता जुन्या पेठांमध्ये बंब अजून रोज पेटतो. त्यात लाकूडफाटा, गोवऱ्या, चिपाडं, नारळाच्या शेंड्या जातात. त्यावर आक्षेप घेण्याचं कारण नाही. हवा प्रदूषण अधिनियम १९८१ च्या कलम १९(५) मध्ये राज्य शासनाला जाळण्यावर मनाई करण्याचा अधिकार दिला आहे, तोही इंधन सोडून इतर पदार्थांपुरता. पण बंबाच्या तोंडातून लाकडाबरोबर दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, रेक्झिन, थर्माकोल, सायकलच्या टायरचे तुकडे हेही आत जातं. प्लास्टिकनं आग चटकन धरते, रॉकेल लागत नाही, आणि कचऱ्याचा डबाही रिकामा होतो. म्हणजे बंब चुलीचं काम करतो आणि भट्टीचंही.

शेवटी कलम असं लिहिलं: घरगुती वापरासाठी लाकूड, गोवऱ्या, शेतातील काड्या, करवंट्या व शेंड्या इंधन म्हणून जाळण्यास ही मनाई लागू नाही, मात्र प्लास्टिक, रबर, रेक्झिन, थर्माकोल, कृत्रिम धाग्याचे कापड व वायर जाळल्यास, ती चुलीत वा बंबात असली तरी, ते कचरा जाळणे समजले जाईल. पाठोपाठ अपवादांची यादी आली. होळी, अंत्यविधी, होमहवन, थंडीतली लाकडाची शेकोटी. हुरड्याची आगटी राहिली आहे, असं एका ताईंनी निदर्शनास आणलं आणि तीही घातली. सभागृह हसलं, पण अशी यादी सभेतच तयार झालेली बरी. नाहीतर पहिल्या होळीला ‘नगरपरिषदेनं होळीवर बंदी घातली’ अशी पोस्ट फिरते आणि उपविधी तिथंच संपतो.

बंबात काय जाळलं हे ओळखायचं कसं, याला राखेचा उपयोग होतो. लाकडाची राख फिकट, भुसभुशीत, चिमटीत विरणारी. प्लास्टिक जळालं असेल तर काळे, काचेसारखे चमकदार गोळे राखेत चिकटलेले मिळतात, आणि टायर जळाला असेल तर बारीक पोलादी तारेची वेटोळी मागं उरतात. पंचनाम्यात धुराचा रंग लिहू नये, राखेत काय मिळालं ते लिहावं. धूर निरीक्षक पोचेपर्यंत विरलेला असतो, तार जागेवर असते.

सर्वसाधारण सभेत हा विषय आला तेव्हा वाद दंडावर पेटेल असं वाटलं होतं. पेटला तो डेपोवर. शहराबाहेरचा डेपो उन्हाळ्यात धुमसतो हे सगळ्यांना दिसतं. ‘नगरपरिषद स्वतः जाळते आणि आम्हाला पावती देते’ हे वाक्य प्रत्येक पक्षाच्या सदस्यानं आपापल्या शब्दांत म्हटलं. याला उत्तर द्यायची तयारी करूनच जावं. डेपोतली आग बहुतेक वेळा कुणी लावलेली नसते. साचलेल्या ओल्या कचऱ्यातला मिथेन, तळातली उष्णता आणि वरचं सुकं प्लास्टिक एवढं पुरतं. त्यावर पाणी मारून ती विझत नाही, कारण ती पोटात असते. तो थर उकरून, पसरून, थंड करून मातीनं झाकावा लागतो. पण हे तांत्रिक उत्तर सभागृहात चालत नाही. ‘जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगचा (साचलेला ढीग उकरून, चाळून, वेगळा करण्याचा) प्रस्ताव कुठं आहे?’ हाच पुढचा प्रश्न येतो, आणि त्याचा जावक क्रमांक हातात असावा लागतो.

थेट निवडून आलेले नगराध्यक्ष एका बाजूचे आणि सभागृहातलं बहुमत दुसऱ्या बाजूचं, ही २०१६ च्या निवडणुकीनंतर बऱ्याच गावांत झालेली अडचण आमच्याकडेही होती. त्याचा परिणाम असा की चांगला विषयसुद्धा ‘त्यांचा’ ठरला की अडकतो. म्हणून विषय समितीकडून आणावा आणि सूचक-अनुमोदक दोन बाजूंचे घ्यावेत. ऐनवेळच्या विषयात तर चुकूनही घालू नये. साधारण सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला तीन. एवढे दिवस मसुदा सदस्यांच्या हातात असला तर बरेच आक्षेप सभेआधीच चहावर मिटतात. ऐनवेळी घेतलेला उपविधी नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली (ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार) जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला की कार्यपद्धतीच्या मुद्द्यावरच अडकतो, मजकुरापर्यंत कुणी पोचतच नाही.

दंडाची चर्चा त्यामानानं थोडक्यात झाली. हरित न्यायाधिकरणाचे ५,००० टिपणीत होतेच. काही सदस्यांचं म्हणणं होतं, १०० ठेवा. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या उपविधींत कचरा जाळण्याचा दंड १०० रुपयेच होता (तो १,००० व्हायला २०२५ उजाडलं), त्यामुळे उदाहरण हाताशी होतं. दोन्ही टोकांची अडचण व्यवहारातली आहे. १०० रुपये भरून लोक पुन्हा जाळतात. ५,००० ची पावती मात्र निरीक्षक फाडतच नाही. गल्लीतल्या विधवा आजींकडून पाच हजार मागण्यापेक्षा तो ‘समज दिली’ असं लिहून परत येतो आणि रजिस्टर कोरं राहतं. म्हणून उतरंड ठेवली. घरगुती जाळण्याला पहिल्या वेळी ५००, दुसऱ्या वेळी १,००० आणि पुढं ५,०००. मंगल कार्यालयं, भंगाराची गोदामं, व्यापारी संकुलं आणि ठेकेदार यांना मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पहिल्याच वेळी २५,०००. या दंडामुळं न्यायाधिकरणाच्या आदेशाखालची भरपाई कमी होत नाही, अशी एक ओळ खाली घातली. ती नसती तर छाननीत मसुदा परत आला असता, असं आमचं मत आहे.

कामगारानं पाला जाळला तर दंड कुणाला? कायम कामगार असेल तर खात्यांतर्गत कारवाई, आणि ठेक्याचा असेल तर ठेकेदाराच्या बिलातून वजावट. हे ठेक्याच्या अटीत नसेल तर वजावट करता येत नाही, हे आम्हाला लेखापरीक्षणाच्या जुन्या आक्षेपांवरून माहीत होतं. म्हणून करारनाम्याची दुरुस्ती याच विषयाला जोडली. झाडणाऱ्या मावशीच्या पगारातून एक रुपयाही कापायचा नाही, हे इतिवृत्तात नोंदवून घेतलं.

आता पैशाचं. जाळबंदी खरी इथं ठरते.

कचरा संकलनाचा ठेका बहुतेक नगरपरिषदांत टनामागे दराचा असतो. घंटागाडीचा हौदा साधारण १.८ घनमीटरचा. सुका पाला सैल भरला तर घनमीटरला ५० ते १०० किलोच बसतो, म्हणजे शिगोशीग भरलेली गाडी काट्यावर शंभर-दीडशे किलोच दाखवते. त्याच गाडीत ओला-सुका मिश्र कचरा भरला तर गाडीची वजनक्षमता संपेपर्यंत, पाऊण टनाच्या आसपास, माल जातो. डिझेल तेवढंच, ड्रायव्हरचा वेळ तेवढाच, बिल मात्र पाचपट-सहापट. कोणता ठेकेदार पाला उचलेल? तो गाडी पाल्याच्या ढिगावरून पुढं नेतो, आणि मागं राहिलेला ढीग संध्याकाळी कुणीतरी पेटवतो. बंदी, फलक, जनजागृती रॅली यांपैकी कशानंही हे गणित बदलत नाही. डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांपुरता पाल्याचा दर खेपेवर काढला आणि प्रत्येक खेपेला जीपीएसची नोंद व प्रक्रिया जागेवरची पावती सक्तीची केली, तेव्हा ढीग उचलले जायला लागले. खेपेच्या दरात उलटी लबाडीही होते. अर्धी गाडी पूर्ण खेप म्हणून दाखवतात. म्हणून हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत भरलेला फोटो ही अट घालावी लागते.

कामगारांना रिकामी बारदानं देणं हा सगळ्यात स्वस्त खर्च निघाला. साखरेच्या वापरलेल्या पोत्यात दाबून भरला तरी पाच-सहा किलोच पाला मावतो, पण पोतं तोंड बांधून झाडाखाली उभं ठेवता येतं. वाऱ्यानं उडत नाही, आणि बांधलेल्या पोत्याला सहसा कुणी काडी लावत नाही. पोती परत आणणाऱ्याची नोंद मुकादमाकडे ठेवली नाही तर आठवड्याभरात ती नाहीशी होतात. पोत्याला गावात दुसरे उपयोग बरेच आहेत.

पाला जिरवायला प्रत्येक बागेत जाळीचे कंपोस्ट पिंजरे केले. चार फूट व्यास, चार फूट उंची, म्हणजे सुमारे १.४ घनमीटर. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती जाळी आणि तीन लोखंडी खांब पुरतात. फूटभर पाला, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. सुक्या पाल्यात कार्बन फार आणि नत्र फार कमी असतं, त्यामुळे नुसता पाला वर्षभर तसाच पडून राहतो. शेणकाला किंवा हिरवं गवत मिसळलं आणि ओल टिकवली तर चार ते सहा महिन्यांत खत होतं. ओल किती? मूठभर माल घट्ट दाबला की हाताला ओलसर लागावा, पण पाणी टपकू नये. एप्रिलच्या उन्हात पिंजरा दोन दिवसांत वाळतो, आणि वाळलेला पिंजरा ही आगपेटीच असते. म्हणून पाण्याची तोटी नसलेल्या बागेत पिंजरा करू नये. बदामाचं पान जाड, चामट, लवकर कुजत नाही. त्याला शेवटी श्रेडर, म्हणजे पाला बारीक करणारं यंत्रच लागतं.

श्रेडरबद्दल एक सूचना, कारण यावर बऱ्याच ठिकाणी पैसे वाया गेले आहेत. मशीन जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून सहज मिळतं. साडेसात अश्वशक्तीच्या मोटारीला थ्री फेज जोडणी लागते आणि बागेत असते सिंगल फेज. जोडणीचा खर्च प्रस्तावात धरलेला नसतो, मग मशीन ताडपत्रीखाली बसून राहतं आणि लेखापरीक्षक ‘वापराविना पडून’ असा परिच्छेद लिहितो. पाल्याबरोबर खडी, तार, गुटख्याच्या पुड्या आत गेल्या की पाती बोथट होतात. जादा पात्यांचा एक संच आणि धार लावायचा दर खरेदी आदेशातच घ्यावा.

हा सगळा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा, यावर लेखा विभाग आणि सभागृह यांचं जमायला वेळ लागला. मोठ्या शहरांना हवेसाठी वेगळे पैसे होते. पंधराव्या वित्त आयोगानं दहा लाखांवरच्या शहरांसाठी २०२१ ते २०२६ या काळात हवेच्या गुणवत्तेसाठी १२,१३९ कोटी ठेवले, महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), वसई-विरार हे शहरसमूह बसत होते. लहान गावांना ‘हवा’ या नावानं छदामही नव्हता. इतर शहरांसाठीच्या ८२,८५९ कोटींतले ४० टक्के अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेले), ३० टक्के पाणीपुरवठा व पुनर्वापरासाठी आणि ३० टक्के स्वच्छता व घनकचऱ्यासाठी बंधित होते. म्हणजे पाल्याचा खर्च या शेवटच्या ३० टक्क्यांतून मागायचा. टिपणीत ‘धूर’, ‘प्रदूषण’ असे शब्द न लिहिता ‘उद्यान व रस्ता कचऱ्याचे वेगळे संकलन व प्रक्रिया’ असं शीर्षक द्यायचं. ही पळवाट नाही. काम खरोखर तेच आहे, आणि मंजुरी शीर्षक बघून होते.

या अनुदानातून वेतन व आस्थापना खर्च करता येत नव्हता. काही सदस्यांना हंगामी कामगार नगरपरिषदेच्या हजेरीवर घ्यायचे होते. नाव सुचवायला मिळतं, हा त्यातला खरा ओढा. तो प्रस्ताव लेखा विभागानं अडवला. पाला उचलण्याची सेवा म्हणून निविदा काढली आणि पैसे पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन प्रणालीतून थेट गेले. हप्त्याच्या वेळेकडेही लक्ष हवं. हप्ता मार्चच्या तोंडावर आला तर पानगळ अर्धी संपलेली असते. म्हणून फेब्रुवारीतल्या अंदाजपत्रकाच्या विशेष सभेत नगरपरिषद निधीतही पाल्यासाठी छोटी स्वतंत्र तरतूद ठेवली. पुढच्या हंगामाची सुरुवात त्यातून करायची आणि पुनर्विनियोजनाची (एका शीर्षातली रक्कम दुसऱ्यात वळवण्याची) वाट बघत बसायचं नाही. ‘घनकचरा — इतर’ या मोठ्या शीर्षात ही रक्कम घालू नये. तिथं ती डिझेलच्या थकबाकीत जिरते.

अनुदानाला अटी आहेत, हे सभागृहाला पटवणं सगळ्यात जड गेलं. लेखापरीक्षित हिशोब ऑनलाइन खुले करणं ही अट सोपी. दुसरी बोचते. मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करायचे आणि त्यानंतर कराची वसुली निदान राज्याच्या सकल उत्पादनाच्या वाढीच्या सरासरी वेगानं वाढायला हवी. घरपट्टीची चतुर्थवार्षिक आकारणी निवडणुकीच्या वर्षात आली की ती पुढं ढकलायचा ठराव होतो, ही आपल्याकडची जुनी रीत. या वेळी ढकलली तर घरपट्टी तर बुडेलच, वर घंटागाडीचे पैसेही अडकतील. हे दोन रकाने शेजारी मांडून दाखवले तेव्हा आवाज जरा खाली आला. तरीही कचरा उपभोक्ता शुल्क वाढवायला सभागृहानं नकार दिला, आणि आमच्या मते तिथं त्यांचं चुकलं. घरटी महिन्याला थोडी वाढ पाल्याच्या हंगामाचा खर्च पूर्ण भागवू शकली असती. पण ज्यांना प्रभागात तोंड दाखवायचं होतं ते सदस्य होते, आम्ही नव्हतो. डिसेंबर २०२१ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक आले, आणि सभेत वर्षानुवर्षं अडणारे असे विषय बंद खोलीत एका सहीनं सुटायला लागले. सोयीचं होतं. हुरड्याची आगटी मात्र अशा खोलीत कुणाला सुचली नसती.

हरकतींसाठी ३० दिवस ठेवले होते. बहुतेक हरकती शेजाऱ्याच्या तक्रारी निघाल्या: अमुक रोज जाळतो, त्याला आधी पकडा. त्या बाजूला काढून निरीक्षकाकडे दिल्या, पत्त्यांची यादी फुकटात मिळाली. खऱ्या हरकतींत एक महत्त्वाची होती. ज्या गल्लीत घंटागाडी जात नाही तिथं दंड कसा घेणार? यावर उपविधीत पोटकलम घातलं की नगरपरिषदेनं संकलन सेवा सुरू केल्याचं जाहीर केलेल्या भागातच घरगुती जाळण्याचा दंड लागेल. प्लास्टिक, रबर आणि वायर यांना ही सवलत नाही. आरोग्य विभागाला हे कलम नको होतं, कारण त्यामुळं गाडीच्या फेऱ्यांची जबाबदारी आपल्यावर येते. नेमकं त्याचसाठी ते हवं होतं.

हरकतींवरचा निर्णय, सुधारित मसुदा, दोन्ही सभांचे इतिवृत्त, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचं कात्रण आणि नगरपरिषद निधीतल्या तरतुदीचं लेखापालांचं प्रमाणपत्र असा गठ्ठा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेकडे जातो. पहिल्या सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत कायम झालेलं नसेल तर गठ्ठा तिथूनच परत येतो. इथं आमचा बराच काळ गेला. मंजुरीनंतर राजपत्रात प्रसिद्धी झाली की उपविधी अंमलात येतो. त्याआधी फाडलेली पावती टिकत नाही, म्हणून उत्साही निरीक्षकांना आवरावं लागतं.

अंमलबजावणीसाठी मुख्याधिकाऱ्यांचा अधिकार प्रदान करण्याचा लेखी आदेश लागतो, नावानिशी. निरीक्षकांची ड्यूटी हिवाळ्यात पहाटे पाच आणि रात्री नऊ अशी दोन तुकड्यांत लावली, कारण अकरा वाजता फिरणाऱ्याला फक्त राख सापडते. प्रत्येक प्रकरणात तारीख-वेळ-स्थळ असलेला फोटो, दोन पंच, राखेतल्या वस्तूंची नोंद आणि पाकिटात बंद केलेला नमुना. पावती पुस्तकावर उपविधीचं राजपत्र दिनांकासह पूर्ण नाव छापून घ्यावं. दंडाची रक्कम सर्वसाधारण ‘किरकोळ जमा’ मध्ये न टाकता घनकचऱ्याच्या जमा शीर्षात वेगळ्या उपशीर्षाखाली टाकली, म्हणजे पुढच्या अंदाजपत्रकात पाल्याची तरतूद मागताना तो आकडा समोर ठेवता येतो. पहिल्या हंगामात तो फार लहान होता. बहुतेक वसुली दोन मंगल कार्यालयांकडूनच झाली.